गाळणीत अडकलेला गोळा: छोट्या रेणूंच्या जेलची सव्वाशे वर्षं

घोडबंदर रोडवरून, मेट्रोच्या कामाचा आवाज जमेल तेवढा खिडकीबाहेर ठेवून, आजचा भाग. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना भरभर निघून गेलेली सालं आणि आकडे इथे सावकाश दिले आहेत.

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल: अमिनो आम्लांपासून बनलेले छोटे रेणू, जे पाण्यात आपोआप एकमेकांना धरतात आणि त्या पाण्याचं जेल करून टाकतात. पण थोडा धीर धरा. ही गोष्ट मूतखड्यापासून सुरू होते, वाया गेलेल्या प्रयोगांमधून जाते, एका हरलेल्या सिद्धांताला अर्धा न्याय देते आणि शेवटी आपल्याच शेजारी, पवईला, पार्किन्सन्सच्या आजारापाशी येऊन पोचते.

लागणं, थिजणं, आळणं

पातळ पदार्थ घट्ट होण्यासाठी मराठीत एकच शब्द नाही. दही लागतं, तूप थिजतं, पाणी गोठतं, रक्त साकळतं, आणि कुळथाचं पिठलं ताटात वाढेपर्यंत आळतं. आपल्या आज्यांनी हे शब्द उगाच वेगळे ठेवले नव्हते. प्रत्येक ठिकाणी आत वेगळं काहीतरी घडत असतं.

गोठताना पाण्याचाच बर्फ होतो. दही लागताना मात्र पाणी पाणीच राहतं. कवडीसारखं घट्ट दही चमच्याने कापता येतं, पण त्यातला बहुतेक भाग पाणीच असतो. दुधातलं केसिन नावाचं प्रथिन आंबटपणामुळे एकमेकांना चिकटतं, त्याचं जाळं तयार होतं आणि पाणी त्या जाळ्यात अडकून बसतं. जाळं मोडलं की पाणी सुटतं. दह्याला पाणी सुटलं असं आपण म्हणतो ते हेच. जेल म्हणजे एवढंच: थोडंसं जाळं आणि त्यात अडकलेलं भरपूर पाणी.

आता स्वयंपाकघरातली अशी जाळी बहुतेक वेळा लांबलचक किंवा अवाढव्य रेणूंची असतात. पिठल्यात प्रथिनं आणि स्टार्च, चायनाग्रासमध्ये समुद्री शेवाळातली लांब साखरसाखळी, जेलीत जिलेटिन. जिलेटिन ज्या कोलॅजेनपासून निघतं, त्याच्या एकेका साखळीत हजाराच्या आसपास अमिनो आम्लं ओवलेली असतात. एवढा लांब दोरा असेल तर त्याचं जाळं होणारच, त्यात नवल नाही.

नवल हे आहे की फक्त दोन अमिनो आम्लं जोडलेला इवलासा रेणूसुद्धा हेच काम करू शकतो.

कोकणातल्या श्रोत्यांनी काथ्याचा दोर वळताना पाहिला असेल. नारळाच्या सोडणातला एकेक तंतू वीतभर लांब. दोर मात्र शंभर फुटांचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एकही तंतू त्यात नसतो. आखूड तंतू एकमेकांना पीळ घालून धरतात आणि लांब दोर होतो. छोट्या रेणूंचं जेल असंच असतं. फरक इतकाच की इथे दोर वळणारा कोणी नसतो. रेणू स्वतःच एकावर एक रचले जातात, त्यांचे तंतू होतात, तंतूंचे गुंते होतात आणि पाणी अडकतं.

आणि हे रेणू एकमेकांना कायमचे जोडलेले नसतात. सकाळी गायमुखला जी कोंडी होते ती आठवा. कोणी गाड्या साखळीने बांधलेल्या नसतात, तरी सगळं जागच्या जागी थिजलेलं असतं. रात्री त्याच रस्त्यावरून तशाच गाड्या सुळकन निघून जातात. या जेलमधले बंधही तसेच, दुबळे पण असंख्य. गरम केलं की बरीचशी जेल वितळतात, थंड झाली की पुन्हा धरतात. म्हणजे आपल्या भाषेत, हे दही लागण्यापेक्षा तूप थिजण्याच्या जवळचं आहे.

मूतखड्यातून निघालेलं अमिनो आम्ल

१८१० साली विल्यम हाइड वॉलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक वेगळ्याच प्रकारचा मूतखडा तपासला. त्यातून जो पदार्थ निघाला त्याला पुढे सिस्टीन हे नाव मिळालं. मूत्राशयासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्यावरून हे नाव आलं. सगळ्यात आधी सापडलेल्या अमिनो आम्लांपैकी हे एक. हेच सिस्टीन आपल्या केसांत, नखांत, शिंगांत भरपूर असतं. त्याची रचना जुळ्यांसारखी असते: दोन सारखे अर्धे भाग आणि मध्ये गंधकाच्या दोन अणूंचा पूल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मन रसायनशास्त्रज्ञ या सिस्टीनवर काम करत होते. एखादा पदार्थ ओळखायचा असेल तर त्याला दुसरा एखादा गट जोडायचा, नवीन पदार्थाचे स्वच्छ स्फटिक काढायचे आणि ते किती तापमानाला वितळतात ते मोजायचं, ही त्या काळाची रीत होती. १८९२ मध्ये ब्रेन्झिंगर यांनी सिस्टीनच्या दोन्ही टोकांना बेंझॉइल नावाचा गट जोडून मिळालेल्या पदार्थाची नोंद केली. हा डायबेंझॉइल सिस्टीन. आता या गटात एक बेंझिनचं कडं असतं. चपटं, पाण्याशी फटकून वागणारं. म्हणजे रेणूची दोन टोकं पाण्यापासून पळणारी आणि मधला भाग पाण्याशी जुळवून घेणारा. पुढचं सगळं नाट्य या स्वभावातून घडतं.

असा पदार्थ पाण्यातून बाहेर काढताना स्फटिक पडण्याऐवजी भांड्यातलं सगळंच थिजतं. ज्याने कधी प्रयोगशाळेत काम केलंय त्याला यातला वैताग लगेच कळेल. गाळायला घ्यावं तर गाळण कागदावर बुळबुळीत गोळा बसतो. पाणी खाली उतरत नाही. स्फटिक नाहीत म्हणून वितळणबिंदू धड मिळत नाही, आणि तो नाही म्हणजे पदार्थ शुद्ध आहे हे सिद्ध करता येत नाही. आपल्या या रस्त्याजवळ, कोलशेतला, एके काळी सँडोझचा कारखाना होता, तोच पुढे क्लॅरिअंट झाला. आज तिथे निवासी मनोरे आहेत. रसायनांच्या कारखान्यांत उमेद घालवलेले आपले काही ज्येष्ठ श्रोते या परिसरात राहतात. गाळणी तुंबणं म्हणजे पाळीचं काय होतं, हे त्यांना मी सांगायला नको.

तर, जेल होणं हा गुण नव्हता, तो बिघाड होता. वहीत त्याची नोंद व्हायची ती तक्रार म्हणून.

१९२१ मध्ये एका माणसाने या बिघाडाकडेच लक्ष द्यायचं ठरवलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातले रॉस एकन गॉर्टनर. हॉफमन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक छोटा निबंध छापला. त्याचा विषयच मुळी डायबेंझॉइल सिस्टीनचं जेल हा होता. लिटरभर पाण्याला एक-दोन ग्रॅम इतक्या कमी पदार्थातही पाणी धरून ठेवलं जातं, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. लगेच पुढच्या वर्षी, १९२२ मध्ये, इंग्लंडमध्ये वुल्फ आणि रिडील यांनी याच जेलच्या गुणधर्मांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

इथून पुढे खरं तर गाडी धावायला हवी होती. पण तसं झालं नाही. हा धागा पुढची कित्येक दशकं जवळपास अडगळीत पडला. का बरं?

जिंकलेल्या सिद्धांताची सावली

याचं उत्तर मला त्या काळच्या एका मोठ्या वादात दिसतं.

१८६१ मध्ये टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश शास्त्रज्ञाने पदार्थांचे दोन वर्ग केले होते. मीठ-साखरेसारखे, जे पडद्यातून सहज पार होतात आणि ज्यांचे स्फटिक होतात. आणि सरस-जिलेटिनसारखे, जे अडकतात. या दुसऱ्या वर्गाला त्यांनी सरसासाठीच्या ग्रीक शब्दावरून कोलॉइड म्हटलं. जेल हा शब्दही त्यांच्याच लिखाणातून रूढ झाला.

पण सरस, रबर, जिलेटिन हे असे का वागतात? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेकांचं मत असं होतं की हे सगळे मुळात छोटेच रेणू आहेत, ते फक्त कसल्याशा ओढीने घोळका करून राहतात. १९२० मध्ये हेर्मान श्टाउडिंगर यांनी याच्या बरोब्बर उलट मांडलं. त्यांचं म्हणणं, घोळका वगैरे काही नाही, हे खरोखरच प्रचंड लांब रेणू आहेत, पक्क्या रासायनिक बंधांनी साखळीसारखे जोडलेले. सुरुवातीला मोठमोठ्या लोकांनी त्यांना विरोध केला. पण पुरावे श्टाउडिंगर यांच्या बाजूने साचत गेले. पुढे नायलॉन आलं, प्लास्टिक आलं, प्रथिनांची रचना उलगडू लागली. १९५३ मध्ये श्टाउडिंगर यांना नोबेल मिळालं आणि वाद कायमचा मिटला.

मिटला आणि योग्यच मिटला. रबर आणि जिलेटिनच्या बाबतीत तेच बरोबर होते.

पण जिंकलेल्या सिद्धांताची सावली लांब पडते. जेल म्हटलं की लांब साखळी, हे समीकरण डोक्यात पक्कं झालं. घोळक्याचा सिद्धांत चुकीचा ठरल्यामुळे, जे थोडे पदार्थ खरोखरच घोळका करून जेल बनवत होते त्यांच्याकडे बघायला कोणाकडे चौकटच उरली नाही. गॉर्टनर यांचं जेल तर नेमकं तसंच होतं. हरलेल्या बाजूचं म्हणणं या एका कोपऱ्यात अगदी खरं होतं, पण तोवर ती बाजू हरून गेली होती.

दुसरं एक साधं कारणही आहे. हे तंतू इतके बारीक असतात की ते नीट बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि १९२१ मध्ये तो नव्हता. हाताला जेल लागत होतं, पण आत काय आहे ते दिसत नव्हतं.

चौकट परत यायला १९८७ उजाडावं लागलं. त्या वर्षी रसायनशास्त्राचं नोबेल ज्याँ-मारी लेन, डोनाल्ड क्रॅम आणि चार्ल्स पेडरसन यांना मिळालं. रेणू एकमेकांना पक्क्या बंधांशिवाय, नुसत्या ओढीने कसे ओळखतात आणि धरतात, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. घोळक्याच्या रसायनशास्त्राला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली, या वेळी नीट मोजमापांसह.

आणि मग २००० साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात फ्रेडरिक मेंगर आणि केविन कॅरन यांनी ती जुनी फाइल उघडली. सिस्टीनच्या टोकांना वेगवेगळी कडी जोडून त्यांनी चौदा भावंडं तयार केली आणि कोण किती पाणी धरतं ते मोजलं. त्यातल्या सर्वांत तरबेज रेणूने ०.०१ टक्के इतक्या कमी प्रमाणात, तीस सेकंदांच्या आत, पाणी थिजवलं. हिशेब करून बघा: एका ग्रॅमला दहा लिटर पाणी. चिमूटभर पुडीत अर्धी बादली.

बरणीवरची टोपी

याच काळात आणखी दोन वाटा या गावाकडे येत होत्या, आणि दोन्ही जरा अनपेक्षित दिशांनी.

पहिली वाट पेप्टाइड बनवणाऱ्यांची. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. ती ओवताना पंचाईत अशी की अमिनो आम्लाला दोन हात असतात आणि दोन्ही हात जोडायला उत्सुक असतात. म्हणून एका हातावर तात्पुरती टोपी घालावी लागते. १९७० मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात लुई कार्पिनो आणि ग्रेस हान यांनी अशीच एक टोपी शोधली. तिचं नाव एफमॉक. सौम्य अल्कली लावली की ती अलगद निघते. आज जगभरात पेप्टाइड बनवताना ती सर्रास वापरतात.

ही टोपी कशाची? तर जोडलेल्या कड्यांची, चपटी, पाण्याशी फटकून वागणारी. ओळखीचं वाटतंय ना? डायबेंझॉइल सिस्टीनच्या टोकांना जे होतं त्याचाच हा थोरला भाऊ. पेप्टाइड पूर्ण झालं की टोपी काढून फेकायची, असा नियम. पण टोपी तशीच राहू दिली, तर दोन-तीन अमिनो आम्लांचा तुकडाही पाण्यात तंतू करतो आणि जेल बनवतो. २००६ मध्ये मँचेस्टर आणि तेल अविव इथल्या दोन गटांनी एकाच सुमारास दाखवलं की फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाची जोडी आणि वर एफमॉकची टोपी, एवढ्यावर पेशी वाढवता येतील असं भक्कम जेल होतं. सामान संपलं की फेकायची जी टोपी, तीच खरा कारागीर निघाली.

दुसरी वाट जीवशास्त्राची. १९९० मध्ये शुगुआंग झांग हे एमआयटीत यीस्टमधल्या एका प्रथिनावर काम करत होते. त्यातला सोळा अमिनो आम्लांचा एक तुकडा त्यांनी वेगळा तयार केला, तर खारट द्रवात त्याचा डोळ्यांना दिसेल असा पातळ पापुद्रा झाला. तिथून पेशी वाढवण्यासाठीची पेप्टाइड जेल निघाली आणि पुढे शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवणारं जेलही त्याच घराण्यातून आलं. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात अमालिया अॅगेली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा पेप्टाइडांच्या फिती कशा बनतात ते मांडलं. त्या परंपरेतलं अकरा अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड आज दातांवरच्या सुरुवातीच्या किडीवर वापरलं जातं.

आजाराचेच तंतू

आता या गोष्टीची काळी बाजू.

१८५४ मध्ये रुडॉल्फ फिर्को या जर्मन वैद्याला रुग्णांच्या ऊतींमध्ये काही साठे दिसले. आयोडीन लावल्यावर त्यांनी स्टार्चसारखा रंग दाखवला, म्हणून त्यांना स्टार्चसारखे या अर्थाचं अमायलॉइड हे नाव पडलं. नाव चिकटलं, पण ते स्टार्च नव्हतं. ती होती प्रथिनं, एकावर एक रचून तंतू झालेली. अल्झायमरमध्ये मेंदूत साचतं ते अमायलॉइड-बीटा, बेचाळीसच्या आसपास अमिनो आम्लांचं. पार्किन्सन्समध्ये मज्जापेशींत जे गोळे दिसतात त्यांत अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन असतं, एकशे चाळीस अमिनो आम्लांचं. हे १९९७ मध्ये सिद्ध झालं.

तंतू कसे बनतात हे पाहिलं तर सगळं ओळखीचं निघतं. तीच रचना, तेच दुबळे पण असंख्य बंध, तेच पाण्याशी फटकून असलेले तुकडे आत दडणं. २००३ मध्ये तेल अविवला मेइताल रेखेस आणि एहूद गाझित यांनी अमायलॉइड-बीटाच्या मध्यातली फक्त दोन अमिनो आम्लं उचलली, आणि त्या दोघांनीच पाण्यात नळ्या रचल्या. म्हणजे आजार घडवणाऱ्या प्रथिनात रचून बसण्याची जी खोड आहे, ती त्याच्या अगदी छोट्या तुकड्यातही असते.

मग हे तंतू म्हणजे वाईटच का? नाही. आणि इथे पवई येते.

आयआयटी मुंबईतले समीर माजी त्यापूर्वी अमेरिकेत सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये होते. २००९ मध्ये तिथल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवलं की आपली पीयूषिका ग्रंथी काही संप्रेरकं चक्क अमायलॉइड तंतूंच्या रूपात साठवून ठेवते आणि गरजेच्या वेळी सोडते. निरोगी शरीरात, रोज. शरीराला ही युक्ती आधीपासून माहीत होती. साठवायचं, पण सुटेल असं. आजारात बिनसतं ते हे की चुकीच्या जागी साठतं आणि सुटत नाही.

पुढे पवईच्या प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने पुढचा प्रश्न विचारला. असे तंतू मुद्दाम बनवून त्यांचं जेल केलं, तर त्यावर पेशी राहतील का? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात त्यांनी अमायलॉइड-बीटाच्या शेपटीकडचे छोटे तुकडे घेतले, वर एफमॉकची टोपी ठेवली आणि जेल बनवली. ती पेशींना विषारी नव्हती. गरम केल्यावर वितळत होती, थंडीत परत धरत होती. हलवलं की पातळ आणि ठेवलं की घट्ट, असाही तिचा स्वभाव होता. बाटलीतल्या टोमॅटो सॉससारखा. हा गुण फार कामाचा, कारण असं जेल सुईतून जाऊ शकतं आणि आत पोचल्यावर पुन्हा धरतं.

शिवाय पेप्टाइड आणि मीठ किती घालायचं त्यावरून जेल किती टणक होणार हे ठरवता येतं. हे का महत्त्वाचं? २००६ मध्ये अमेरिकेत अॅडम एंगलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, कशावर बसल्या आहेत त्यावरून काय व्हायचं ते ठरवतात. मेंदूसारख्या मऊ बैठकीवर मज्जापेशींकडे कल, स्नायूसारख्या बैठकीवर स्नायूकडे, टणक बैठकीवर हाडाकडे. पेशींनाही गादी लागते म्हणा ना.

२०१६ मध्ये याच गटाने अल्फा-सिन्यूक्लिनच्या तुकड्यांवर आधारलेलं मऊ जेल मांडलं. हो, तेच प्रथिन, जे पार्किन्सन्समध्ये साचतं. त्या जेलवर माणसाच्या मूळपेशी मज्जापेशींच्या दिशेने वळल्या. मग पार्किन्सन्ससारखी स्थिती निर्माण केलेल्या उंदरांच्या मेंदूत जेलसह मूळपेशी सोडल्या. जेलमुळे त्या सोडल्या तिथेच टिकल्या, जगल्या. मेंदूत नुसत्या पेशी सोडल्या तर त्या वाहून जातात किंवा मरतात, ही मोठी अडचण असते. जेलने त्यांना घर दिलं. आणि ते घर ज्या विटांचं होतं, त्या आजाराच्याच प्रथिनातून काढलेल्या होत्या.

मग औषध मिळतं का?

या विषयावर बोलणार असं मी मागच्या वेळी म्हटलं होतं, तेव्हा डोंबिवलीच्या एका ताईंचा निरोप आला. त्यांच्या बाबांना पार्किन्सन्स आहे. कोणीतरी त्यांना सांगितलं की आता जेलमधून स्टेम सेल देतात, दोन-तीन लाख लागतील, जागा विकून करू का? त्यांनी विचारलं म्हणून इथे सरळ सांगतो, कारण असा प्रश्न अनेक घरांत असणार.

ताई, पवईचं ते काम उंदरांवरचं आहे. उंदरात पेशी टिकल्या म्हणजे माणसाचा कंप थांबला असं होत नाही. मधे सुरक्षिततेच्या, मात्रेच्या, परिणामाच्या चाचण्या असतात, आणि त्यांना वर्षानुवर्षं लागतात. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूळपेशींचा वापर फक्त नोंदणीकृत संशोधनातच व्हायला हवा, आणि उपचार म्हणून त्याची विक्री करता येत नाही. अशा चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट बघता येते. त्यामुळे कोणी असा उपचार सुचवला तर तीन गोष्टी विचारा. या चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? नैतिक समितीची मंजुरी कुठे आहे? आणि संशोधन असेल तर माझ्याकडून पैसे का घेताय? उत्तरं मिळाली नाहीत तर जागा विकू नका. बाबांच्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवल्याशिवाय चालू गोळ्याही बंद करू नका.

पण म्हणून हे सगळं कागदावरच आहे असंही नाही. लॅनरिओटाइड नावाचं आठ अमिनो आम्लांचं औषध आहे. शरीरात वाढीचं संप्रेरक जास्त झाल्यामुळे हातपाय आणि चेहरा वाढत जातो, त्या अॅक्रोमेगॅलीवर ते देतात. हे आठ मण्यांचे रेणू पाण्यात आपोआप नळ्या रचतात आणि त्यांचं घट्ट जेल होतं. वेगळं जाळं लागतच नाही, औषध स्वतःच जाळं. इंजेक्शन दिल्यावर त्याचा साठा त्वचेखाली बसतो आणि हळूहळू विरघळत राहतो, म्हणून ते साधारण चार आठवड्यांतून एकदाच घ्यावं लागतं. मूळ औषध फ्रान्सच्या इप्सेन कंपनीचं. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईच्या सिप्लाला आपल्या लॅनरिओटाइड इंजेक्शनसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणजे १८९२ मध्ये जो गोळा गाळणीत अडकून डोकेदुखी होत होता, त्याच्याच जातीचा गोळा आज मुद्दाम सिरिंजमध्ये भरून विकतात.

मला या इतिहासात सर्वांत जास्त काय आवडतं ते सांगतो. यात कोणी एक नायक नाही. ब्रेन्झिंगर यांना जेल नको होतं. कार्पिनो यांना फक्त टोपी हवी होती. झांग यीस्टकडे बघत होते. आणि जे अमायलॉइड पाहून वैद्य दीडशे वर्षं हताश होत होते, ते कसं तयार होतं हे कळण्यासाठी गॉर्टनर यांच्यासारख्यांची बिनकामाची वाटणारी निरीक्षणं उपयोगी पडली. छोट्या रेणूंना घोळका करायची सवय आहे, एवढंच मूळ सत्य. कुठे, कधी, आणि परत सुटतो की नाही, यावर तो घोळका आजार ठरतो की औषध.

आपल्यापैकी कोणी रसायनांच्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काम केलं असेल आणि असा न गाळता येणारा गोळा भेटला असेल, तर त्याचं काय केलंत ते जरूर कळवा. फेकला असेल तरी कळवा. निवडक आठवणी पुढच्या भागात वाचून दाखवीन. तो भाग असेल त्या मोठ्या भावंडाबद्दल, म्हणजे कोलॅजेनबद्दल, आणि १९५० च्या दशकात मद्रासला बसून त्याची तीनपदरी वेणी उलगडणाऱ्या जी. एन. रामचंद्रन यांच्याबद्दल. तोवर नमस्कार.